शुद्धिपत्रक

येरवड्याच्या सरकारी छापखान्यात
एकतीस वर्षं मी फक्त चुका वाचल्या.
ऱ्हस्व-दीर्घ, निसटलेला अनुस्वार,
'अंमलात' की 'अमलात'.
अर्थाशी आमचा संबंध नव्हता.
अर्थ वरून यायचा, बंद पाकिटात,
लाखेचा शिक्का मारून.

समोर निर्मला ओव्हाळ. त्या मोठ्यानं वाचत,
मी प्रुफावर बोट सरकवत जायचो.
स्वल्पविरामाला त्या 'स्वल्प' म्हणायच्या,
पूर्णविरामाला 'पूर्ण'.
"अशी व्यक्ती सभासद होण्यास स्वल्प
किंवा राहण्यास स्वल्प
अपात्र राहील पूर्ण."
ऐकताना वाटायचं,
कुणीतरी रात्री उठून दाराची कडी तपासतंय.
आपण पुन्हा कुशीवर वळून झोपावं.

त्या शुक्रवारी सुटायच्या वेळेला
एक गाडी थेट आतल्या फाटकापर्यंत आली.
उतरला स्वीय सहायक, पांढरे बूट,
हातात एकच कागद, इस्त्री केल्यासारखा.
फोरमन तांबोळींनी मशीन थांबवलं.
कागदात एका क्रियापदाची दुरुस्ती होती.
'राहील' च्या जागी 'ठरवता येईल'.
आणि खाली:
ही दुरुस्ती मागील एक एप्रिलपासून
अंमलात होती, असे मानण्यात येईल.

निर्मलाबाई थांबल्या. 'पूर्ण' म्हणाल्याच नाहीत.

शिवाजीनगर कोर्टात त्याच दिवशी साहेबांचा निकाल लागला होता,
कुठल्याशा भूखंडाचा.
सकाळी शिक्षा, दुपारी जामीन,
संध्याकाळी व्याकरण.

मी विचारलं, "हे मागच्या तारखेपासून कसं?"
तो हसला. "काका, तुम्ही वेलांट्या बघा."
मी वेलांट्या बघितल्या.
सगळ्या जागच्या जागी.
इतका शुद्ध कागद त्या इमारतीत
मी क्वचितच पाहिला होता.
कोपऱ्यात लिहिलं, 'वाचले. बरोबर.'
खाली आद्याक्षरं. तारीख घालताना
पेन जरा अडखळलं,
कुठली घालू? आजची, की मानण्यात येईल ती?

सोमवारी फाटकासमोरची
तान्हूबाई वाघोलेची चहाची गाडी उचलली.
अकरा वर्षांच्या पावत्या तिनं
दुधाच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या.
पथकाच्या माणसानं कलम वाचून दाखवलं,
'हटवण्यात येईल.'
ना 'ठरवता', ना 'शकेल',
ना कुठली मागची तारीख.
पातेलं गरम होतं म्हणून
त्यांनी ते फडक्यात धरून ट्रकमध्ये टाकलं,
कायदा हात भाजून घेत नाही.

तान्हूबाई माझ्याकडे आली.
"तुम्हीच छापता ना हे सगळं?
मग माझाबी एक शब्द बदला की.
मोठा नको. बारकासा."
थट्टेत म्हणाली असावी.
मी आजपर्यंत तसंच मानत आलोय.

निर्मलाबाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या.
निरोपाच्या पेढ्याबरोबर म्हणाल्या,
"तेवढा एक पूर्णविराम माझ्याकडे राहिलाय."
कुणाला काही कळलं नाही.

आता मीही घरी असतो, विश्रांतवाडीत.
पेन्शनच्या कामाला परवा तिकडे गेलो,
तर गाडीच्या जागेवर साहेबांचा फ्लेक्स.
दोन खांबांवर, चांगला दुमजली.
हात जोडलेले, गळ्यात हार, खाली गल्लीतल्या
बावीस पोरांचे काळ्या चष्म्यातले चेहरे,
आणि वर भगभगीत अक्षरांत
'वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा'.

दी दीर्घ. चक्क दुसरी वेलांटी.
खिशातलं लाल पेन कधी हातात आलं
ते मला कळलं नाही.
फुटपाथच्या कठड्यावर चढलो, टाचा उंचावल्या.
मागे एक पोरगा गाडी थांबवून विचारत होता,
"काय शोधताय आजोबा?"

माझा हात पोचत होता
साहेबांच्या बुटांपर्यंत.